निकाल ९६ वरून ८१ वर आला म्हणजे शाळा बिघडली का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मराठवाड्यातल्या एका गावचं जिल्हा परिषद हायस्कूल. दहावीला २०२३ मध्ये ३१ मुलं बसली, ३० पास झाली. २०२४ मध्ये २८ पैकी २७. २०२५ मध्ये ३८ पैकी ३१, म्हणजे निकाल ९६ टक्क्यांवरून थेट ८१.५८ वर. गावात बोललं जातंय की गेल्या तीन-चार वर्षांत तांड्यावरची आणि वीटभट्टीवरची मुलं वाढली, गावातली ‘बरी’ मुलं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत गेली, म्हणून शाळा घसरली. विचारणारे गृहस्थ शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत, मुलगी याच शाळेत आठवीत आहे. त्यांना दोन गोष्टी हव्या आहेत: लोक म्हणतात ते खरं का, आणि मुलीला इथे ठेवावं की हलवावं.

तुमच्याच आकड्यांतली एक गोष्ट गावात कुणी बोललेलं दिसत नाही. २०२४ मध्ये तुमच्या शाळेतून २७ मुलं दहावी पास झाली आणि २०२५ मध्ये ३१. टक्केवारी पंधराने पडली, पास होणारी मुलं चारने वाढली. दोन्ही खरं आहे. पारावर मात्र पहिलंच पोचलं, कारण फ्लेक्सवर टक्केवारी छापतात, मुलांची संख्या नाही.

मी बरीच वर्षं गणित शिकवलं, नंतर मुख्याध्यापक झाले, आणि निकालाच्या दिवसाआधी शाळेच्या ऑफिसात काय काय होतं ते जवळून पाहिलं आहे. दहावीच्या टक्केवारीत अंशापेक्षा छेद जास्त बोलतो. किती पास झाली हे सगळेच विचारतात. कितीजणांतून, हे कुणी विचारत नाही. आणि तो छेद परीक्षेच्या हॉलमध्ये ठरत नाही, नववीत ठरतो.

नववीतच का, ते सांगते. शिक्षण हक्क कायद्याचं छत्र आठवीपर्यंत आहे. पाचवी आणि आठवीला परीक्षेत अडवण्याची तरतूद आता आली असली, तरी तुमच्या या तीन बॅचेस त्याआधीच्या. म्हणजे पहिलीपासून आठवीपर्यंत मूल कुठेही न अडखळता वर सरकलं. ज्याला भागाकार येत नाही तेही नववीत आलं. पुढच्याच वर्षी बोर्ड आहे, आणि बोर्डाचा निकाल शाळेच्या नावावर लागणार आहे. मग दोन वाटा निघतात. एक, नववीत नापास करणं. दुसरी जास्त सोयीची: पालकांना बोलावून समजावणं. ‘पोरगं कच्चं आहे, आमच्याकडून बसलं तर वर्ष वाया जाईल. दाखला काढून न्या आणि बाहेरून सतरा नंबर भरा.’ पालक मजुरीवर जाणारे, सर म्हणतात तर खरंच असेल म्हणून दाखला घेऊन जातात. कुणावर ओरडायची गरज पडत नाही, कागदावर सगळं पालकांच्या विनंतीवरूनच होतं.

सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेबाहेरून दहावीला बसण्याचा बोर्डाचा अर्ज, ही योजना म्हणून चांगली आहे, हे आधीच सांगते. शाळा सुटलेल्या, लग्न झालेल्या, कामाला लागलेल्या माणसांना त्यामुळे दहावी देता आली आहे. पण चालू शाळेतलं पंधरा वर्षांचं मूल त्या वाटेने काढलं की ते बोर्डाच्या लेखी खाजगी विद्यार्थी होतं. त्याला संपर्क केंद्र म्हणून एखादी शाळा मिळते, शिकवणारं कुणी नसतं, आणि ते पास झालं काय किंवा राहिलं काय, मूळ शाळेच्या नियमित विद्यार्थ्यांच्या निकालात त्याची गणतीच नसते.

आता हा हिशेब पाहा. समजा एका शाळेत नववीच्या पटावर ६२ मुलं होती. दहावीचे नियमित फॉर्म भरले ४७. परीक्षेला बसली ४६, पास झाली ४४. फ्लेक्सवर येणार ९५.६५ टक्के. पण नववीत आलेल्या ६२ पैकी वेळेवर दहावी पार केली ४४ जणांनी, म्हणजे ७१ टक्क्यांच्या आत. मधली १५ मुलं कुठे गेली? काही खरंच दुसऱ्या गावी गेली असतील, एखादं वसतिगृहात लागलं असेल. बाकीची कुणाच्याच निकालात नाहीत.

तुम्ही नववीचा पट पाठवलेला नाही, आणि त्याशिवाय तुमच्या प्रश्नाचं उत्तर कुणीही देऊ शकणार नाही. तो काढणं अवघड नाही. दरवर्षी ३० सप्टेंबरचा पट शाळेला वर कळवावाच लागतो, संचमान्यता, म्हणजे शिक्षकांच्या पदांची मंजुरी, त्यावर होते. २०२१-२२, २०२२-२३ आणि २०२३-२४ या तीन वर्षांचा नववीचा पट मागा आणि त्याच्या पुढच्या वर्षी दहावीचे नियमित फॉर्म किती भरले ते शेजारी लिहा. मग जनरल रजिस्टर उघडायला सांगा. त्यात प्रत्येक मुलाच्या ओळीत शेवटी दाखला दिल्याची तारीख आणि शाळा सोडण्याचं कारण असतं. सतरा नंबरच्या फॉर्मला मूळ दाखला जोडावा लागतो, त्यामुळे असं मूल रजिस्टरात खूण ठेवल्याशिवाय जाऊच शकत नाही. नववीचा निकाल लागल्यापासून सप्टेंबरपर्यंतच्या तारखा बघा. मे-जूनमध्ये एकाच आठवड्यात आठ-दहा दाखले, सगळ्यांचं कारण ‘पालकांच्या विनंतीवरून’, आणि दुसऱ्या शाळेतून दाखल्याची मागणी आलेली नाही, असं दिसलं तर समजा तिथे छाटणी झाली. सोबत हेही विचारा की २०२४ च्या सुमारास मुख्याध्यापक बदलले का. एखाद्या नव्या मुख्याध्यापकाने ‘पटावर आहे ते मूल आपल्याकडूनच बसेल’ असं ठरवलं तर पहिल्या वर्षी नेमकं हेच होतं. मुलं वाढतात, पास वाढतात, टक्केवारी पडते. आणि गाव त्या बिचाऱ्यालाच धारेवर धरतं.

असंच झालं आहे असं मी म्हणत नाही. झालं असेल तर कागदावर दिसेल, एवढंच.

दुसरं, तुमची शाळा लहान आहे. २८ मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे ३.५७ टक्के. एकाला परीक्षेच्या दिवशी कावीळ झाली तर निकाल साडेतीन टक्क्यांनी खाली. त्यामुळे ९६.७७ वरून ९६.४३ यात जसा अर्थ नाही, तसा एकाच वर्षाच्या ८१.५८ मध्येही फार अर्थ शोधू नका. तीन वर्षांची बेरीज करा: ९७ बसली, ८८ पास. आणि २०२५ च्या त्या सात नापास मुलांचं पुढे काय झालं ते विचारा. एक-दोन विषयांत राहिलेल्याला एटीकेटीवर अकरावीला जाता येतं आणि पुरवणी परीक्षा लगेच उन्हाळ्यानंतर असते. त्यातली चार-पाच मुलं पुरवणीत निघाली असतील, तर ती बातमी कुठे छापून आलेली नसेल.

वर्षावर्षांची तुलना करताना परीक्षाही तीच होती का, ते तपासावं लागतं. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये तो ७७.१० वर आला. एका वर्षात महाराष्ट्रातली मुलं मठ्ठ झाली नव्हती. भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे तोंडी-अंतर्गत २० गुण त्या वर्षी काढून घेतले होते, शिवाय अभ्यासक्रम नवा होता. पुढच्या वर्षी २० गुण परत आले, भूगोलाचा पेपर कोरोनामुळे रद्द होऊन त्याचे सरासरीने गुण दिले गेले, आणि निकाल ९५.३० झाला. २०२१ मध्ये परीक्षाच झाली नाही, नववीच्या आणि अंतर्गत गुणांवर निकाल लावला, तो ९९.९५. त्यानंतर ९६.९४, ९३.८३, ९५.८१ आणि २०२५ मध्ये ९४.१०. या ओळीतून मुलांची गुणवत्ता वाचायला गेलात तर वेड लागेल.

यातही एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. २०१९ मध्ये मुंबई महापालिकेच्या माध्यमिक शाळांचा निकाल ५३ टक्क्यांवर होता, आणि २०२० मध्ये तो ९३ च्या पुढे गेला. राज्याचा निकाल त्याच वर्षात १८ टक्क्यांनी वाढला, पालिकेच्या शाळांचा ४० ने. नियम एकच, पण त्याचा मार गरीब मुलांच्या शाळांना जास्त आणि त्याचा फायदा दुपटीहून जास्त. कारण सोपं आहे. ज्या शाळेतली मुलं ३५ च्या काठावर दाटीने उभी असतात, तिथे पाच गुण इकडचे तिकडे झाले की निम्मा वर्ग सरकतो. ज्या शाळेत बहुतेकांना सत्तरच्या वर पडतात, तिथे तेच पाच गुण गेले तरी नापास कुणी होत नाही. तुमच्या शाळेतली मुलं काठावरची आहेत का, हे निकालपत्रकात श्रेणी पाहून कळेल. प्रावीण्यासह किती, प्रथम श्रेणीत किती, द्वितीय किती, आणि नुसते उत्तीर्ण किती. २०२३ च्या ३० पासांपैकी १८ जण नुसते उत्तीर्ण असतील, तर ते ९६ टक्के फार भक्कम नव्हतेच.

२०२५ बद्दल आणखी दोन नोंदी. त्या वर्षी कॉपीमुक्त अभियान कडक होतं आणि जिथे आधी कॉपीचे प्रकार सापडले होते त्या केंद्रांवर बाहेरच्या शाळांचे पर्यवेक्षक नेमले होते. तुमचं केंद्र त्यात होतं का, हे गावात सगळ्यांना ठाऊक असेल, मी बोलायची गरज नाही. दुसरं, २०२४ ची परीक्षा १ मार्चला सुरू झाली, २०२५ ची २१ फेब्रुवारीला. शहरातल्या मुलाला या आठ दिवसांनी फरक पडत नाही. ज्याचे आईवडील ऊसतोडीला कारखान्यावर आहेत आणि जे आजीपाशी राहून, धाकट्या भावाचा डबा करून अभ्यास करतं, त्याला पडतो.

विभागवार निकालाचीही अशीच गंमत. कोकण विभाग दरवर्षी पहिला, २०२४ मध्ये ९९.०१ टक्के. ‘कोकणातली मुलं हुशार’ असं म्हणून आपण मोकळे होतो. पण बोर्डाचा कोकण विभाग म्हणजे फक्त रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. तीस हजारांच्या आतली मुलं. पालघर, ठाणे, रायगड, जिथे मोठी आदिवासी वस्ती आहे आणि जिथे रोज नवे लोक राहायला येतात, ते जिल्हे मुंबई विभागात मोजले जातात, आणि त्या विभागात तीन लाखांहून जास्त मुलं बसतात. शिवाय याच्या उलटही पाहा: त्या वर्षी राज्यात १८७ मुलांना १०० टक्के गुण पडले, त्यातली १२३ एकट्या लातूर विभागातली. पण लातूर विभागाचा निकाल ९५.२७, राज्याच्या सरासरीपेक्षा कमी. वरची मुलं फार वर गेली म्हणून खालची पास होतात असं नाही. तालुक्याच्या ज्या इंग्रजी शाळेचं नाव गावात घेतलं जातंय, तिचा टॉपर किती टक्क्यांचा हे विचारून काहीच कळणार नाही.

आता मूळ मुद्द्यावर येते, मुलं कुठली आहेत यावर.

घरची परिस्थिती आणि गुण यांचा संबंध आहे, तो नाकारण्यात शहाणपणा नाही. अमेरिकेत १९६६ मध्ये जेम्स कोलमन यांच्या पाहणीत, लाखो विद्यार्थ्यांची माहिती घेऊन, हेच दिसलं होतं की शाळेतल्या सोयींपेक्षा घरच्या परिस्थितीचा गुणांशी संबंध जास्त. वाद तेव्हापासून चालू आहे. पण त्याचा अर्थ ‘तांड्यावरची मुलं आली म्हणून शाळा घसरली’ असा होत नाही, आणि का होत नाही ते आकड्यांतच दाखवते.

समजा दोन शाळा, दोन्हीत शंभर-शंभर मुलं. पहिल्या शाळेत ८० मुलांचे आईबाप दहावी किंवा पुढे शिकलेले, २० मुलं घरातली पहिलीच शिकणारी. ८० पैकी ७६ पास, २० पैकी १४ पास. निकाल ९०. दुसऱ्या शाळेत उलटं. शिकलेल्या घरची २०, पहिल्या पिढीची ८०. २० च्या २० पास, ८० पैकी ६४ पास. निकाल ८४. वर्तमानपत्रात पहिली शाळा वरचढ. पण शिकलेल्या घरचं मूल पहिल्या शाळेत ९५ टक्के शक्यतेने पास होतं, दुसरीत १०० टक्के. पहिल्या पिढीचं मूल पहिल्या शाळेत ७० टक्के, दुसरीत ८०. दोन्ही प्रकारच्या मुलांसाठी दुसरी शाळा चांगली, आणि तरी तिचा एकूण निकाल कमी. हे कागदावर एकदा स्वतः करून बघा. मी शिक्षकांच्या बैठकीत फळ्यावर मांडलं की पहिल्यांदा कुणाचा विश्वास बसत नाही, गणिताच्या शिक्षकांचासुद्धा.

म्हणून शाळा जोखायची तर सारखी मुलं सारख्या मुलांशी ताडून बघायची. त्यासाठी मुलांबद्दल काय माहीत पाहिजे? यूडायस या सरकारी शाळा-माहितीसाठ्यात शाळेच्या अकरा आकडी क्रमांकावर इयत्तावार, मुलगा-मुलगी, सामाजिक प्रवर्ग, दिव्यांग अशी माहिती मिळते. पण प्रवर्गाचे तिथे चारच रकाने आहेत: सर्वसाधारण, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, ओबीसी. तुमच्या तांड्यावरची भटक्या-विमुक्त प्रवर्गातली मुलं त्या चारांत वेगळी दिसणारच नाहीत. ती जनरल रजिस्टरातच दिसतील. आणि खरं सांगायचं तर प्रवर्गाने माझं काम फारसं कधी भागलं नाही. एकाच प्रवर्गात सोसायटीच्या चेअरमनचा मुलगाही असतो आणि सालगड्याचाही. मला वर्गशिक्षकांकडून चार गोष्टी हव्या असायच्या. आई किती शिकली. घरात आधी कुणी दहावी पास आहे का. घर हंगामात गाव सोडतं का. आणि घरापासून शाळा किती लांब, कशाने येतं. या चारांतून मूल जेवढं कळतं तेवढं जातीच्या दाखल्यातून कळत नाही. घरी बोली कुठली हे पाचवं म्हणून जोडा. गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलणारं मूल मराठी शिकतं ते शाळेतच, आणि बीजगणितात ते अडकतं तेव्हा बऱ्याचदा गणितात नाही, शाब्दिक उदाहरणाच्या वाक्यात अडकलेलं असतं. ‘दोन संख्यांच्या बेरजेची तिप्पट’ आणि ‘दोन संख्यांच्या तिपटीत एक मिळवल्यास’ यातला फरक आधी भाषेचा आहे.

मग त्या सात मुलांची नावं घ्या, पण समितीच्या बैठकीत मोठ्याने वाचू नका. ३८ च्या वर्गात ‘अमुक समाजाची तीन मुलं नापास’ असं म्हटलं की गावाला ती तीन घरं माहीत असतात. मुख्याध्यापकांच्या टेबलावर, दार लावून बसा. सातांपैकी किती तांड्यावरची, किती गावातली, ते आधी बघा. लोकांचा अंदाज आणि यादी यांत अंतर निघतं, असा माझा तरी अनुभव आहे. आणि मग हजेरीपट उघडा. हजेरीपट वाचायला शिकलात तर निकालापेक्षा जास्त सांगतो.

त्यात कसं वाचायचं ते एकदा दाखवते. महिन्याचं पान आडवं धरा. एका मुलाच्या ओळीत दर आठवड्याला त्याच वारी गैरहजेरी दिसली तर तो बाजाराचा वार असतो, मूल हातगाड्यावर असतं. कापूस वेचणीच्या दिवसांत, दसऱ्यापासून पुढे दीड-दोन महिने, सलग भोपळे दिसले तर शेतमजुराचं घर. दिवाळीनंतर एकदम गायब आणि होळीनंतर परत, ते ऊसतोडीचं. मुलींच्या ओळीत दर महिन्याला तीन-चार दिवसांची खोट दिसली तर शाळेच्या स्वच्छतागृहाला कडी आणि पाणी आहे का, ते स्वतः जाऊन बघा. आणि रोज पहिल्या तासाला उशिरा येणाऱ्या सगळ्या मुली एकाच वाडीच्या निघाल्या तर प्रश्न एसटीच्या वेळेचा आहे. मुलींना एसटीचा पास मोफत आहे, काही तालुक्यांत मानव विकासच्या निळ्या गाड्याही आहेत, पण गाडी पावणेअकराला पोचत असेल आणि गणिताचा तास साडेदहाला असेल तर पासाचा उपयोग काय? वेळापत्रकात गणित तिसऱ्या तासाला घेतलं की हा प्रश्न पैसा न खर्चता सुटतो. मी घेतलं होतं. सकाळी सातचे जादा तास ही आपली फार आवडती गोष्ट, पण त्यांना गावातलीच मुलं येतात. ज्यांना गरज असते ती गाडी पकडून येणारी असतात.

मुलींचं आणखी एक. राज्यात मुलींचा निकाल मुलांपेक्षा दरवर्षी वर असतो, २०२५ मध्ये ९६.१४ विरुद्ध ९२.३१. आपण टाळ्या वाजवतो. नववीत असताना जिचं लग्न लावून दिलं ती या ९६.१४ च्या छेदात नाही. तुमच्या रजिस्टरात मुलींच्या ओळी वेगळ्या मोजा.

अंतर्गत गुणांचं थोडक्यात. गणितात लेखी ८०, अंतर्गत २०. वर्गात सगळ्यांना अंतर्गत १९ आणि लेखीत निम्म्यांना १८ ते २५ असतील, तर १८ आणि १९ मिळून ३७, मूल पास. त्याला गणित आलेलं नाही. हे पत्रक मुख्याध्यापकांकडे असतं, मागितलं तर दाखवतात. नाही दाखवलं तर तेही एक उत्तरच आहे.

आता ते गावकऱ्यांचं वाक्य उलटं करून बघा. माध्यमिक शाळेत शिक्षकांची पदं पटावर ठरतात. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष आणखी आवळले. गावातली ऐपतीची मुलं तालुक्याला गेली तेव्हा तुमच्या शाळेचा पट गळाला. तांड्यावरची आणि भट्टीवरची मुलं आली नसती तर गणित-विज्ञानाचं एखादं पद अतिरिक्त ठरून कधीच उठलं असतं. दहावीला २८ च्या जागी ३८ मुलं आहेत म्हणूनच तुमच्या मुलीला शिकवायला माणूस आहे, असं असण्याची शक्यता मला जास्त वाटते. संचमान्यतेचा तक्ता मागून पडताळा. शाळेला धक्का बसला असेल तर तो गेलेल्या मुलांमुळे बसला असेल, आलेल्यांमुळे नाही. हे बैठकीत बोलायला जड जाईल, कारण गेलेल्यांचे पालक समितीवर नसले तरी भावकीत असतात.

मुलीचं विचारलंत. नववी-दहावीचं गणित, विज्ञान आणि इंग्रजी कोण शिकवतं ते बघा. पद भरलेलं आहे, की तासिका तत्त्वावर कुणीतरी येतं आणि डिसेंबरात सोडून जातं? याच्याइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही. मग नववीतून दहावीत किती मुलं पोचतात ते बघा. तिन्ही विषयांना कायम शिक्षक असेल आणि नववीची जवळपास सगळी मुलं दहावीला बसत असतील, तर ८१ टक्के निकालाच्या या शाळेत मी माझी मुलगी ठेवीन. गणिताचं पद दोन वर्षं रिकामं असेल तर हलवीन, निकाल ९६ असता तरी हलवली असती.

हलवायचं झालं तर तालुक्याच्या त्या शाळेलाही हेच प्रश्न विचारा: नववीचा पट किती होता, दहावीला नियमित किती बसले, दाखले किती दिले. खाजगी शाळा हे सहज सांगणार नाहीत, पण यूडायसवर इयत्तावार पट दिसतो, मागच्या वर्षीची नववी आणि यंदाची दहावी शेजारी ठेवली की पुरतं. आणि मराठी माध्यमातून एकदम पूर्ण इंग्रजीत नववीला टाकू नका. सेमी असेल तर विचार करा, पण तेही नववीच्या जूनमध्ये नको. गणित-विज्ञानाची इंग्रजी पुस्तकं आत्ता आठवीतच आणून द्या, दिवाळीपर्यंत ती किती वाचते बघा, आणि मग ठरवा.